कंपाउंडरबाई आणि बासष्ट किलोचं कुत्रं

माझी मावशी एकतीस वर्षं जनावरांच्या दवाखान्यात औषधं देते आहे. आत डॉक्टर तपासतात, चिठ्ठी लिहितात, आणि बाहेरच्या खिडकीतून मावशी गोळ्या मोजून देते; जनावर बुजलं तर आत जाऊन टेबलावर धरतेही. सगळे तिला कंपाउंडरबाई म्हणतात. खिडकीच्या बाजूला जमिनीलगत एक मोठा वजनकाटा आहे. त्याच्यावर कुत्री चढवायची, ती उतरणार, पुन्हा चढवायची, हा खेळ दिवसभर चालतो. इतक्या वर्षांनी मावशीला काट्याची गरजच राहिलेली नाही. ती नुसती बघते आणि सांगते, "मांजर साडेतीन किलो. तुम्ही ब्याऐंशी. मांजराला अर्धी गोळी द्या, आणि तुम्ही जरा जिने चढा."

तोंडाची फटकळ, पण हाताची हळुवार. चावरं कुत्रं तिच्या हातून मुकाट्यानं गोळी गिळतं. माणसांच्या बाबतीत मात्र तिचा सगळा भर फटकळपणावरच.

काही वर्षांपूर्वी तिच्या खिडकीवर एक चमत्कारिक गर्दी व्हायला लागली. कुत्र्यांच्या जंतांची एक साधी गोळी आहे. एरवी आठवड्याला एखादी पट्टी खपायची, ती आता सकाळीच संपायला लागली. गावातल्या कुत्र्यांना एकदम इतके जंत कुठून झाले, म्हणून मावशीनं नीट बघितलं, तर गोळी मागणाऱ्या निम्म्या लोकांच्या अंगावर कुत्र्याचा एक केससुद्धा नव्हता. मग कळलं की फोनवर एक व्हिडिओ फिरतो आहे. कुठल्याशा दूर देशातल्या एका गृहस्थाचा कॅन्सर म्हणे ह्या गोळीनं पळाला. डॉक्टरांनी हात टेकले होते, आणि कुत्र्याच्या गोळीनं माणूस उठून चालायला लागला.

मावशीनं एक नियमच केला. चिठ्ठी नसेल तर आधी प्रश्न. कुत्र्याचं नाव काय, वय काय, वजन किती. लोक गडबडून जायचे. एका बाईनं आपलं कुत्रं वीस वर्षांचं आहे असं सांगितलं, तेव्हा मावशीनं तिला त्याचा सत्कार करायला हार घेऊन येऊ का म्हणून विचारलं. संध्याकाळी घरी येऊन ती हे किस्से सांगायची आणि आम्ही पोट धरधरून हसायचो. आजारी माणूस आपल्या घरात नसलं की हसू लवकर येतं.

मग ते आपल्याच घरात आलं. मावशीचा थोरला भाऊ, म्हणजे माझा मामा, ह्याला मोठ्या आतड्याचा कॅन्सर निघाला.

मामा वजनमाप खात्यात निरीक्षक होता. दुकानदारांचे काटे तपासायचे, बरोबर असतील तर शिक्का मारायचा, नसतील तर काटा जप्त. आयुष्यभर त्यानं दुसरं काही केलं नाही आणि निवृत्त झाल्यावरही ते सोडलं नाही. मामी गेल्यापासून एकटाच राहायचा, मावशीच्या घरापासून दोन गल्ल्या सोडून. त्याच्याकडे चहा प्यायला गेलं तर साखर ग्रॅमात विचारायचा. आजार कळला तेव्हासुद्धा त्याचा पहिला प्रश्न होता, "गाठ किती मिलिमीटर?"

ऑपरेशन झालं. गाठ निघाली. पुढे खबरदारी म्हणून केमोचे आठ फेरे ठरले, तीन-तीन आठवड्यांनी. इथवर सगळं सरळ होतं. पण मामानं घरी बसून "अभ्यास" सुरू केला. दिवसभर फोनवर व्हिडिओ. साखर बंद झाली, दूध बंद झालं, मग भात. टेबलावर गवताच्या रसाची बाटली आली, हळदीच्या कॅप्सूल आल्या, कसल्याशा फळाच्या कडू बिया आल्या. मावशी रोज संध्याकाळी त्याचा डबा घेऊन जायची आणि अर्धा डबा परत आणायची.

"गवताचा रस पितोस, पी बापडा," ती म्हणायची. "रवंथ करणारे पेशंट आमच्याकडेही येतात. पण ते दोन वेळा पोटभर खातात रे."

"तुला यातलं काही कळत नाही," मामा म्हणायचा. "साखर म्हणजे कॅन्सरचं खाद्य."

"आणि तुझं खाद्य काय?"

तिसऱ्या फेऱ्याच्या आधी रक्त तपासलं तर लिव्हरचे आकडे भलतेच वर गेलेले. डॉक्टरीणबाई, मामाच्या भाषेत "शाळेतून नुकतीच सुटलेली पोर", रिपोर्ट बघून कोड्यात पडल्या. केमो पुढे ढकलली. "आणखी काही औषधं घेता का? काढे, गोळ्या?" त्यांनी विचारलं. मामानं छातीवर हात ठेवून सांगितलं, "छे!" मी शेजारीच बसले होते. एवढ्या करारी चेहऱ्यानं खोटं बोलणारा माणूस मी पहिल्यांदाच पाहिला.

दोन दिवसांनी मावशीच्या खिडकीशी मामाच्या शेजारचे घड्याळजी उभे राहिले. चौकात त्यांचं घड्याळं दुरुस्त करायचं दुकान आहे. गृहस्थ अतिशय सरळ, आणि सरळ माणसाला खोटं बोलायला लावण्याइतकं पाप नाही. ते आधी हवेबद्दल बोलले, मग दवाखान्यातलं भिंतीवरचं घड्याळ चार मिनिटं मागे आहे म्हणाले.

"घड्याळजी, ताकाला जाऊन भांडं कशाला लपवता?" मावशी म्हणाली. "काय हवंय?"

"जंताची गोळी. कुत्र्यासाठी."

"अरे वा! कधी पाळलंत? नाव काय?"

घड्याळजींनी इकडेतिकडे बघितलं. समोर कॅलेंडर होतं. "मंगळ," ते म्हणाले, आणि मग घाईनं, "मंगळू."

"कुठल्या जातीचं?"

"ते... छोटं असतं ना, पांढरं, केसाळ. पॉमेरियन."

"छान. वजन?"

इथे मात्र घड्याळजींची तयारी पक्की होती. मामानं डोस वजनावरून असतो म्हणून त्यांना आकडा पाठ करून पाठवला होता. "बासष्ट किलो चारशे ग्रॅम," ते ठामपणे म्हणाले.

मागे रांगेत एक पोपटवाला उभा होता, तो फिस्सकन हसला. मावशी हसली नाही. दोन दिवसांपूर्वीच्या हॉस्पिटलच्या कागदावर तिनं तोच आकडा वाचला होता. आपल्या भावाचं वजन. दोन महिन्यांपूर्वी ते एकाहत्तर होतं.

तिनं घड्याळजींना आत बोलावलं, स्टुलावर बसवलं, पाणी दिलं. त्यांनी सगळं ओकून टाकलं. ही तिसरी पट्टी होती. आधीच्या दोन त्यांनी दुसऱ्या गावातून आणल्या होत्या. शिवाय त्यांची स्वतःची मधुमेहाची गोळी आहे, तिच्यातली रोज एक मामाला जात होती, कारण तीही कॅन्सरवर चालते असं व्हिडिओत होतं. "तुमच्या भावाला नाही म्हणवत नाही हो," ते म्हणाले. "त्यांचा चेहरा बघवत नाही."

त्या संध्याकाळी मावशी मामाकडे गेली तेव्हा मी बरोबर होते. डब्याबरोबर तिनं पिशवीत एक गळपट्टा, एक पाण्याची थाळी आणि दवाखान्याचं कोरं कार्ड घेतलं होतं. मामा खुर्चीत बसला होता. तिनं गळपट्टा त्याच्या मांडीवर ठेवला आणि कार्ड भरायला सुरुवात केली.

"नाव, मंगळू. जात, पॉमेरियन. वजन, बासष्ट चारशे. सवय, घरच्यांवर भुंकणे. रेबीजची लस राहिली आहे तेवढी. पुढे ये."

मामाचा चेहरा आधी पांढरा, मग लाल झाला. "घड्याळजीला एक काम धड जमत नाही," तो पुटपुटला.

"तुला डॉक्टरनं तोंडावर विचारलं, तू छे म्हणालास. का?"

मामा गळपट्ट्याचं बक्कल उघडत राहिला, बंद करत राहिला. मग म्हणाला, "मी वेळ लावून बघितली आहे. पाच भेटींची सरासरी सहा मिनिटं चाळीस सेकंद. त्यातली चार मिनिटं ती संगणकाशी बोलते. व्हिडिओतला तो माणूस माझ्याशी एक तास बोलतो. तो म्हणतो, घाबरू नका. ती पोरगी म्हणते, टक्केवारी अशी आहे. मला टक्केवारी कळते गं. आयुष्यभर आकड्यांतच गेलं. पण घाबरू नका हे कुणीतरी म्हणावं लागतं."

मावशी त्याच्यासमोर जमिनीवर बसली. मला वाटलं आता ही रडणार. पण ती मावशी होती.

"एक सांग," ती म्हणाली. "नोकरीत असताना एखादा दुकानदार म्हणाला, साहेब, माझा काटा चोख आहे, गिऱ्हाईकं खूश आहेत, हे बघा पत्रं. तर तू शिक्का मारायचास?"

"पत्रांवर? वेडी आहेस?"

"मग काय करायचास?"

"प्रमाणित वजन ठेवायचं. खात्याचं, सीलबंद. एकदा नाही, दहादा. रिकामा काटा बघायचा, भरलेला बघायचा."

"आणि ह्या गोळीच्या काट्यावर कुणी प्रमाणित वजन ठेवलंय? कधी? किती माणसांवर? गोळी न घेणाऱ्यांशी ताडून बघितलं का? का नुसती पत्रं वाचून तू शिक्का मारलास?"

मामा उठला, स्वयंपाकघरात गेला आणि डब्यांच्या मागून एकेक करत सगळं काढायला लागला. टेबल भरलं. मावशी म्हणाली, "आमच्या दवाखान्यात एवढा साठा नाही."

पुढच्या भेटीला ते सगळं दोन पिशव्यांत भरून आम्ही डॉक्टरीणबाईंपुढे ठेवलं. त्या रागावतील म्हणून मामा खाली मान घालून बसला होता. त्या रागावल्या नाहीत. त्यांनी संगणकाचा पडदा बाजूला फिरवला, खुर्ची पुढे ओढली आणि एकेक डबी हातात घेतली. मामानं गुपचूप घड्याळाकडे बघितलेलं मी पाहिलं.

जंताची गोळी त्यांनी सरळ कचऱ्याच्या डब्यात टाकली. लिव्हर बहुधा हिनंच दुखावलं आहे, म्हणाल्या. "प्रयोगशाळेतल्या काचेच्या बशीत ती कॅन्सरच्या पेशी मारते हे खरं आहे. पण बशीत फिनाईल ओतलं तरी पेशी मरतात. माणूस बशी नाही." कडू बियाही गेल्या, कारण त्यांच्यातून पोटात चक्क विष तयार होतं. कॅप्सूल केमो होईपर्यंत बंद. घड्याळजींची मधुमेहाची गोळी त्यांनी जपून बाजूला ठेवली. "ही ज्याची आहे त्याला परत द्या. त्याला तिची गरज आहे. कॅन्सरवर तिचा पुष्कळ अभ्यास झाला, अजून चालू आहे. सुरुवातीला जेवढी आशा होती तेवढं मोठ्या चाचण्यांत अजून हाती लागलेलं नाही."

मामा हिरमुसला. "म्हणजे जुनी औषधं नव्या कामाला लावणं हे सगळं थोतांडच?"

"मुळीच नाही," त्या म्हणाल्या. "आम्हीच लावतो. उदाहरणार्थ, साधी ॲस्पिरिन. तुमच्यासारख्या आतड्याच्या कॅन्सरमध्ये, गाठीत एक विशिष्ट बदल असेल तर ती रोग परतण्याची शक्यता कमी करते असं चांगल्या चाचणीत दिसलं आहे. तुमच्या गाठीत तो बदल आहे का, हे तपासून बघू. असेल तर बोलू. नसेल तर उगाच पोटाला त्रास कशाला?"

बाहेर आल्यावर मामा म्हणाला, "एकोणचाळीस मिनिटं." आणि लहान मुलासारखा हसला. शाळेतून सुटलेली पोर त्या दिवसापासून "आमच्या मॅडम" झाली.

तपासणीत तो बदल निघाला नाही. मामाला ह्याचा फार राग आला, जणू त्याची गाठ जरा कमी प्रतीची ठरली होती. त्याहून जास्त राग मॅडमनी दिलेल्या औषधाचा आला. लिव्हर निवळलं, केमो पुन्हा सुरू झाली आणि पार पडली, तेव्हा त्यांनी चिठ्ठीवर लिहून दिलं, रोज पाऊण तास भरभर चालणे. मामाच्या भाषेत सांगायचं तर ह्यावर प्रमाणित वजन ठेवून झालं आहे. नेमानं व्यायाम करणाऱ्यांत रोग परतण्याचं प्रमाण कमी दिसलं आहे, म्हणाल्या.

"चालणे?" मामा घरी येईपर्यंत धुमसत होता. "ह्याला बाटली नाही, लेबल नाही, काही नाही!"

"तुला कडू करून देऊ का?" मावशी म्हणाली. पण दुसऱ्या दिवसापासून ती त्याच्याबरोबर चालायला लागली. मामानं टेप घेऊन चौकापासून कालव्यापर्यंतचा रस्ता मोजला होता. वजन हळूहळू सदुसष्टवर आलं.

आता ह्या गोष्टीत मावशी शहाणी आणि मामा वेडा असंच राहिलं असतं, तर मावशीनं ती मला लिहूच दिली नसती, कारण तिला खोटं खपत नाही. पुढचं ऐका.

दोन पिशव्या नेल्या त्याच भेटीत मॅडमनी मावशीकडे बघून सांगितलं होतं, "भावाला आहे म्हणजे तुम्हीही एकदा आतड्याची दुर्बिणीतून तपासणी करून घ्या. लवकर." मावशी म्हणाली, हो हो. मग दवाखान्यात लसीकरणाचा महिना होता. मग एक गाय अडली होती. मग गुडघा दुखत होता, जणू दुर्बीण गुडघ्यातून जाणार होती. मी फार मागे लागले तर म्हणायची, "हात दाखवून अवलक्षण कशाला? मला काही होत नाहीये."

असे नऊ महिने गेले. तिच्या हातांवर निळे डाग दिसायला लागले. विचारलं तर म्हणे, अल्सेशियननं हिसका दिला. एकदा हिरड्यांतून रक्त आलं, तर ब्रश नवा आहे म्हणाली. आणि एका सकाळी खिडकीत औषध देतादेता तिच्या डोळ्यांपुढे अंधारी आली आणि ती स्टुलावरून खाली घसरली. आतले डॉक्टर धावत आले. त्यांनी तिला उचलून तपासायच्या टेबलावरच निजवलं, शेजारी एक ससा होता.

मामा येऊन पोचला तेव्हा ती शुद्धीवर होती आणि मला घरी जायचंय म्हणून भांडत होती. मामानं तिच्या पर्समधून चष्मा काढायला डबी उघडली. चष्म्याखाली ॲस्पिरिनची पट्टी होती, अर्धी रिकामी.

"हे कुणासाठी?" मामानं विचारलं.

"दवाखान्यातल्या म्हाताऱ्या बोक्यासाठी," मावशी म्हणाली.

"असं का. वजन काय बोक्याचं?"

मावशीनं तोंड भिंतीकडे फिरवलं.

"लोका सांगे ब्रह्मज्ञान," मामा सुरू झाला, आणि मी खूण करूनही थांबेना. "माझ्या गळ्यात पट्टा घातलास! मला प्रमाणित वजनं शिकवलीस! तुझ्या आतड्याला गाठच सापडली नाही अजून, आणि औषध चालू? कुणाला विचारलंस?"

"मॅडम म्हणाल्या होत्या ना, ॲस्पिरिन..."

"मला म्हणाल्या होत्या! तेही तपासून! आणि मलासुद्धा दिली नाही!"

मावशी रडली. मी तिला कधी रडताना पाहिलं नव्हतं, आणि ससाही टक लावून बघत होता. "सत्तावीस वर्षं मी जनावरांना टेबलावर धरलंय," ती म्हणाली. "चांगली हिंडतीफिरती आणतात रे लोक. पोट तपासलं की डॉक्टरांचा चेहरा बदलतो. तो चेहरा सगळ्यात आधी मला दिसतो. मला तो माझ्यासाठी बघायचा नव्हता. म्हटलं, रोज एक गोळी घेत राहू. काही असेल तर तिथेच मरेल."

मामा तिच्या उशाशी बसला. बक्कल नव्हतं, म्हणून तिच्या चष्म्याची डबी उघडझाप करत राहिला. "घाबरू नकोस," तो म्हणाला. "कुणीतरी म्हणावं लागतं म्हणून म्हणतो. मीही घाबरलेलाच आहे."

आठवड्याभरात दुर्बिणीची तपासणी झाली, तोंडातूनही आणि खालूनही. आदल्या दिवशी पोट साफ करायचं खारट पाणी प्यायचं असतं. मामानं ते मोजपात्रात ओतून मिलिलिटरच्या हिशेबानं पाजलं, आणि एक घोट कमी पडू दिला नाही. मावशी म्हणाली, हा सूड आहे. पोटात गोळीनं केलेला एक व्रण सापडला, तोच रक्त सांडत होता. आतड्यात दोन लहान कोंब होते, डॉक्टरी भाषेत पॉलिप. ते तिथल्या तिथे काढले. तपासून आलं की कॅन्सर नाही, पण त्यातला एक असा होता की पाच-दहा वर्षांनी तो झाला असता.

"ह्यालाच प्रतिबंध म्हणतात," मॅडम म्हणाल्या. "तुम्ही गोळी घेत बसला असता तर कोंब तिथेच राहिले असते, आणि व्रण मोठा झाला असता."

"गोळीला निदान चव नव्हती," मावशी म्हणाली. "तुमच्या त्या पाण्याला आहे."

त्यानंतर मावशी खिडकीवर जरा बदलली. फटकळपणा गेला नाही, पण जंताची गोळी मागायला कुत्र्याशिवाय कुणी आलं की ती आता नाव-गाव विचारत नाही. आतल्या स्टुलावर बसवते आणि विचारते, "घरात कोण आजारी आहे?" बहुतेक लोक एवढ्यावरच बोलायला लागतात. गोळी ती देत नाही. एका कागदावर त्यांच्या डॉक्टरांना विचारायचे प्रश्न लिहून देते, आणि खाली ठळक अक्षरांत, जे काही घेता ते सगळं पिशवीत घालून न्या. दवाखान्यातले डॉक्टर म्हणतात, बाई, हा माणसांचा दवाखाना नाही. ती म्हणते, ठाऊक आहे मला, पण खिडकीशी येऊन गोळी मागतात ती माणसंच ना, कुत्री कुठे मागतात?

सगळ्यांचं मामासारखं होत नाही. एक मुलगी वडिलांसाठी आली होती. आजार फार पुढे गेलेला. मावशीनं तिला तासभर बसवून घेतलं. दोन महिन्यांनी ती परत आली, वडील गेले हे सांगायला. त्या कागदामुळे तिनं डॉक्टरांना विचारलं होतं की दुखणं कमी करायला काय देता येईल, आणि शेवटचे काही आठवडे वडील झोपू शकले, गप्पा मारू शकले. ती गेल्यावर मावशीनं पाच मिनिटं खिडकी लावून घेतली. रांगेतल्या कुणी कुरकुर केली नाही.

मामाच्या ऑपरेशनला आता पाच वर्षं होतील. घड्याळजींना आपल्या गोळ्या पूर्ण मिळतात आणि त्यांची साखर आटोक्यात आहे. मावशीची पुढची दुर्बीण तीन वर्षांनी आहे. मामानं तारीख आत्ताच घेऊन ठेवली आहे.

"तोवर मी जगले तर," मावशी परवा म्हणाली.

"न जगायला काहीतरी कारण लागतं," मामा म्हणाला. "तेच शोधायला तर त्या तारखेला जायचंय. चल, ऊठ, चालायची वेळ झाली."